मॉरिशसचे ‘जुने मजूर’ आणि १८६७ चा कायदा : पार्श्वभूमी

इंग्रजांनी १८१० मध्ये मॉरिशस जिंकले, तरी मळे, भाषा आणि दिवाणी कायदा फ्रेंचांचाच राहिला. १८२५ मध्ये इथल्या साखरेवरची ब्रिटनमधली जादा जकात उठली आणि बेटभर ऊस पसरला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना. आदल्याच वर्षी भारतीय मजुरांचे पहिले जहाज पोर्ट लुईला लागले होते. मुंबईहूनही जहाजे सुटली, त्यांत कोकणातली माणसे बरीच. महिना पाच रुपये, वर शिधा. एक खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापत.

हे सगळे करारात तरी होते. खरा वाद करार संपलेल्यांचा, म्हणजे ‘जुन्या मजुरांचा’. पाच वर्षे भरून सुटलेला माणूस भाजीपाला लावी, गाय पाळी, फेरीवर जाई. मळेवाल्यांच्या लेखी हा ‘भटक्या’, कारण तो त्यांच्याकडे राबत नव्हता. १८६७ मध्ये बेटावर मलेरियाने हजारो माणसे मरत असताना सरकारने नेमका यांच्यावर कायदा आणला. प्रत्येक जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र डकवलेला परवाना बाळगायचा, शिवाय राहत्या जिल्ह्याचा पोलीस पास. शेजारच्या जिल्ह्यात वांगी विकायला गेला आणि कागद जवळ नसला, तर अटक. परवाना हरवला तर नव्यासाठी दंडाइतकी फी. तारखेला पोलीस ठाण्यात ताटकळत बसायचे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. यापेक्षा पुन्हा करार केलेला परवडला, असे माणसाला वाटावे हाच कायद्याचा हेतू होता. चोऱ्या आणि रोगराईला आळा घालण्याची सबब सरकारने पुढे केली, पण ती पटण्यासारखी नाही.

१८७१ मध्ये एका युरोपीय मळा-व्यवस्थापकाच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्या व्यवस्थापकाला गोऱ्यांनी भर रस्त्यात मारले. लंडनहून चौकशी आयोग आला. १८७५ च्या अहवालात तक्रारी बहुतांशी खऱ्या ठरल्या आणि १८७८ मध्ये कायदा सुधारला, कागदावर तरी.

मजुरांना बळ मिळाले ते दुसरीकडून. साखरेचे भाव पडले तसे मळेवाल्यांनी कडेची, खडकाळ जमीन तुकडे पाडून विकायला काढली. गाठीला पैसा जमवून, प्रसंगी बायकोचे दागिने मोडून ती घेणारे बहुतेक भारतीयच. त्यावर तेही ऊस पिकवू लागले. गिरणी मात्र मळेवाल्याचीच राहिली आणि वजनकाटाही त्याच्याच हातात.