कुरळ्याचं कुरकुरीत कसं झालं?

इंदूरला ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतून एक चक्कर मारली तर ‘क्रिस्पी’ हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. क्रिस्पी कॉर्न, क्रिस्पी डोसा, क्रिस्पी पनीर. अर्थ कुणाला विचारावा लागत नाही: कुरकुरीत. पण हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंग्रजापुढे ‘क्रिस्प’ म्हटलं असतं, तर त्याने डोसा सोडून डोसेवाल्याच्या डोक्याकडे पाहिलं असतं. तेव्हा क्रिस्प म्हणजे कुरळे.

शब्द मूळचा लॅटिन, ‘क्रिस्पस’. रोमन लोकांत तो चक्क आडनावासारखा चालायचा. इतिहासकार सॅलस्टचं पूर्ण नाव गायस सॅलस्टियस क्रिस्पस. आपल्याकडे गोरे, काळे, टकले, तसे त्यांच्याकडे हे कुरळे. पार्सलीचं शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम, तेही याच शब्दावरून. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं ‘क्रेप’ झालं. पाय मुरगळला की बांधतो ते क्रेप बँडेज, गॅदरिंगला चिकटवतो तो क्रेप पेपर आणि क्रेपची साडी ही सगळी त्याच घराण्यातली. क्रेपच्या सुताला मुद्दाम जास्त पीळ देतात. विणलेलं कापड ओलं केलं की ते सूत आखडतं आणि कापडभर बारीक सुरकुत्या उठतात.

‘कुरकुरीत’ हा अर्थ चिकटला सोळाव्या शतकात. त्यामागचा एक तर्क मला पटतो: भाजलेली, वाळलेली वस्तू आधी वाकडी होते आणि मग कडक. पापड भाजताना बघा. आचेकडच्या बाजूचं पाणी आधी उडतं, ती बाजू आक्रसते आणि पापड तिकडे वळतो. म्हणून तर आपण तो भराभर उलटतो. शिवाय ‘क्रिस्प’ म्हणताना तोंडात काहीतरी मोडल्यासारखं वाटतंच. (मराठीत कुरळे आणि कुरकुरीत दोन्ही ‘कुर’नेच सुरू होतात, पण त्यावरून नातं जोडायला जाऊ नये. कुरकुरीत हा निव्वळ आवाजावरून आलेला शब्द.)

या शब्दाच्या दोन्ही अर्थांची परीक्षा आमच्या घरी दर श्रावणात होते. बाहेर झड लागलेली. पुतणी आरशासमोरून ओरडते, “काका, अर्धा तास स्ट्रेटनर फिरवला, पुन्हा कुरळे झाले!” आणि स्वयंपाकघरातून आई, “आणि इथे माझी सेव बघ, पार सादळली.” (इंदुरी मराठीत शेवेची सेव होते, त्याला इलाज नाही.) एक क्रिस्प वाढतंय, दुसरं जातंय, आणि दोन्हींमागे एकच चोर आहे: हवेतलं पाणी.

आधी केस. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्याच्या लांबलचक साखळ्या दोन तऱ्हेच्या बंधांनी बांधलेल्या असतात. गंधकाचे बंध पक्के. साध्या पाण्याला ते दाद देत नाहीत, आणि केसाचं जन्मजात वळण तेच राखतात. हायड्रोजन बंध मात्र कच्च्या टाक्यांसारखे. पाण्याने उसवतात, वाळताना नव्याने बसतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी केसांना लाटा येतात त्या यामुळेच. स्ट्रेटनरची उष्णताही हेच कच्चे टाके उसवून केस सरळ असताना पुन्हा घालते. मग दमट हवेतलं पाणी आत शिरतं, टाके सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो.

केस हे काम इतक्या इमानाने करतो की जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 मध्ये केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेलेला केस साधारण दोन टक्के लांबतो. म्हणजे 50 सेंटिमीटरचा केस जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो. केसाला काटा जोडायचा आणि आकडा वाचायचा. वेधशाळांत ही उपकरणं पुढे कितीतरी वर्षं होती.

आता सेव. सोऱ्यातून बेसन गरम तेलात पडलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. त्यांच्या भिंती कोरड्या, पातळ. बेसनातल्या अशा कोरड्या स्टार्चची अवस्था काचेसारखी असते: रेणू जागच्या जागी जखडलेले. दाताखाली त्या भिंती एकामागून एक तडकतात, तीच कुरकुर. हवेतलं पाणी शिरलं की रेणूंना सरकायला जागा मिळते. काचेचं रबर होतं. सेव तुटायच्या ऐवजी वाकते. पोह्यांच्या प्लेटमध्ये हे दोन मिनिटांत दिसतं. वाफाळत्या पोह्यांना टेकलेली सेव मऊ पडते, वरची, जीरावन मसाला भुरभुरलेली, अजून वाजत असते.

वाजणं इथे महत्त्वाचं आहे. 2004 मध्ये ऑक्सफर्डला मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज बदलून ऐकवला. आवाज मोठा केला, किंवा त्यातला फक्त टिपेचा भाग वाढवला, की चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटत. या कामाला 2008 मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. हसण्यावारी न्यायचं तर नेता येईल, पण सादळलेली सेव चवीला तीच असून आपण ती का बाजूला सारतो, ते यातून कळतं.

आईला यातलं काही सांगावं लागत नाही. ती सेव कोरड्या कढईत मंद आचेवर परतते आणि कुणी हात घातला की दटावते, “गार होऊ दे.” बरोबरच आहे, गरम असताना रेणू अजून हलते असतात, सेव मऊच लागते. गार झाल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात गेली. पुतणी तोंड-डोकं स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटीवर.