पुरस्काराची बाहुली विकणे हा गुन्हा आहे का?

‘ऑस्करसारख्या पुरस्काराची बाहुली विजेत्याची कधीच नसते, ती विकली तर तुरुंगवास होतो,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात सत्याचा अंश असल्यामुळे तो पटतो. १९५० च्या सुमारापासून ऑस्कर विजेत्यांकडून एक करार लिहून घेतला जातो : बाहुली विकायची झाल्यास ती आधी ऑस्कर देणाऱ्या संस्थेला अवघ्या एका डॉलरला देऊ करावी लागते आणि ही अट वारसांनाही लागू असते. अट मोडल्यास दिवाणी दावा होऊ शकतो. परंतु करारभंग म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे. त्याआधीच्या बाहुल्या उघड लिलावात विकल्या गेल्या आहेत. १९९९ साली त्यांपैकी एकीला १५ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

आपल्याकडे अटीविना दिलेले बक्षीस हाती पडताच विजेत्याचे होते, कारण जंगम वस्तूचे दान नुसत्या ताब्यानेही पूर्ण होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. फिरत्या चषकाचे मात्र तसे नाही; तो वर्षभराची ठेव असतो.

सांगलीत हौशी नाटकवाल्यांच्या घरोघरी असे चषक दिसतात. आजोबांचा चषक सराफ कट्ट्यावर नेण्यापूर्वी त्याची लाकडी बैठक न्याहाळावी. तिच्यावर वर्षवार वेगवेगळ्या संघांची नावे कोरलेल्या पितळी पट्ट्या असतील, तर तो बहुधा फिरता असतो. एकच नाव असेल, तर स्पर्धेची जुनी नियमपत्रिका किंवा सही केलेला कागद शोधावा. चांदीचा मुलामा खरा की खोटा, हे सराफ सांगेलच.