परागकणाची रचना : परिभाषा

जास्वंदीच्या केसरांवरून बोट फिरवले की पिवळी भुकटी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे काटेरी गोळे दिसतात. ‘काटेरी गोळा’ हे वर्णन मात्र पुष्कळ वनस्पतींच्या परागाला लागू पडते. म्हणून परागविज्ञानाने कणाची दिशा, छिद्रे, कवच आणि नक्षी यांसाठी नेमके शब्द ठरवले आहेत.

सुरुवात दिशेपासून होते. एका मातृपेशीतून चार कण तयार होतात. त्या चतुष्काच्या केंद्राकडे असलेला ध्रुव निकटस्थ, बाहेरचा दूरस्थ. दोन्ही ध्रुवांच्या मधोमध विषुववृत्त. हे समजल्याशिवाय छिद्रांची नावे समजत नाहीत. नारळाच्या परागावर दूरस्थ ध्रुवापाशी एकच लांब खाच असते, तिला सल्कस म्हणतात. मोहरीच्या परागावर विषुववृत्त ओलांडणाऱ्या तीन खाचा असतात, त्या कोल्पस. खाचेची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त असली तर कोल्पस, नाहीतर पोरस. ज्वारी, गहू अशा तृणांच्या परागाला एकच पोरस असतो आणि त्यावर चक्क झाकण असते. सूर्यफुलासारख्या कणात कोल्पसच्या आत आणखी एक छिद्र असते, अशा कणाला कोल्पोरेट म्हणतात.

खरा गुंता कवचात आहे. आतला थर इंटाइन सेल्युलोज-पेक्टिनचा, बाहेरचा एक्झाइन स्पोरोपोलेनिनचा. एक्झाइन इतका चिवट की ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि संहत सल्फ्युरिक आम्ल ९:१ प्रमाणात घेऊन तापवले तरी तो टिकतो, बाकी सारे विरघळते. परागतज्ज्ञ एर्टमन यांची ही ॲसिटोलिसिसची पद्धत आजही प्रयोगशाळांत रोजची आहे. एक्झाइनचा छेद घेतला तर वर छत (टेक्टम), त्याखाली खांब (कॉल्युमेला) आणि खाली पाया दिसतो. त्याखाली एक्झाइनचा सर्वांत आतला थर, एंडेक्झाइन. एर्टमन छत आणि खांबांना सेक्झाइन म्हणतात, पाया व एंडेक्झाइनला नेक्झाइन. दुसरे परागतज्ज्ञ फेग्री यांच्या पद्धतीत मात्र छत, खांब आणि पाया मिळून एक्टेक्झाइन होतो. म्हणजे पायाचा थर एका पद्धतीत खालच्या गटात, दुसऱ्या पद्धतीत वरच्या. वर्णनात कोणती पद्धत वापरली हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर दोन नोंदींची तुलना फसते.

पृष्ठावरच्या नक्षीलाही नावे आहेत : काट्यांसाठी एकिनेट, जाळीसाठी रेटिक्युलेट, गुळगुळीत असल्यास सिलेट. उंचवटा की खळगा हे ओळखायला भिंगाची नाभी सावकाश खाली नेतात. वर असताना उजळ आणि खाली नेल्यावर काळपट होतो तो उंचवटा, खळग्याचे उलटे. नवख्याला हे जमायला वेळ लागतो, पण एकदा डोळा बसला की काचपट्टीवरचा सपाट डाग उठून दिसतो.

आकारासाठी ध्रुवीय अक्ष भागिले विषुववृत्तीय व्यास हे गुणोत्तर घेतात. ते १.३३ पेक्षा जास्त असले तर कण प्रोलेट (लांबट), ०.७५ पेक्षा कमी असले तर ओब्लेट (चपटा).

सगळे कण सुटे होत नाहीत. लाजाळूचे चार-चार एकत्र राहतात. बाभळीचे बहुधा १६ चिकटून पॉलिअड बनते. रुईत तर परागकोशाच्या कप्प्यातील सगळा पराग एका पुंजात बांधलेला असतो. असे दोन पुंज एका छोट्या तपकिरी चिमट्याला जोडलेले असतात आणि कीटकाच्या पायाला तो चिमटा अडकला की जोडीने बाहेर निघतात.