मुरूम आलेलं तोंड कोरडं ठेवायचं, हे आलं कुठून?

यवतमाळकडच्या आमच्या गावात पोरीच्या तोंडावर मुरूम दिसले की घरातून पहिला सल्ला ठरलेला असतो: "तोंडाले तेलकट काही लावू नको, अजून निंगतीन." मग बेसन, मुलतानी माती, लिंबू आणि दिवसातून चार-पाच वेळा साबण. धुतल्यावर कातडी ताणली की मुरूम सुकतायत असं वाटतं. मीही शाळेत असताना हेच केलं. हा सल्ला देणाऱ्या माय-आज्या अडाणी नव्हत्या. त्यामागे जुना इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय आजचे डॉक्टर मुरमाच्या औषधासोबत मॉइश्चरायझर का लिहून देतात, हे घरच्यांच्या गळी उतरत नाही.

सुश्रुतसंहितेत मुरुमांना 'मुखदूषिका' म्हटलं आहे: कफ, वात आणि रक्त बिघडून तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुळ्या. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिच्या कोवळ्या खोडावरचे काटे बुडाशी रुंद आणि टोकाशी अणकुचीदार असतात. ते ज्यांनी हात लावून पाहिलेत, त्यांना हे वर्णन किती नेमकं आहे ते लगेच कळेल. उपचारात वमन (म्हणजे औषध देऊन ओकारी काढणं) आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप सांगितला आहे. लोध्र तुरट, सैंधव तर मीठच. माझ्या मते घरातले लेपही याच वळणाचे आहेत, ओढून घेणारे आणि सुकवणारे. हिवाळ्यात हातापायाला जवसाचं, मोहाच्या बियांचं तेल चोळणारं घर मुरमाच्या तोंडाला मात्र तेलाचं बोट लावू देत नाही.

आधुनिक वैद्यकानेही बराच काळ हीच भीती वाढवली. अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये केसांच्या पोमेडमुळे, म्हणजे केस बसवायच्या तेलकट मलमामुळे, कपाळावर येणाऱ्या मुरमांची नोंद केली. १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांवर लिहिलं. कोणता पदार्थ रोमछिद्रं बुजवतो हे ठरवायला तेव्हा सशाचा कान वापरत. कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ रोज लावायचा आणि काही आठवड्यांनी ती कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. त्यातून पदार्थांच्या लांबलचक याद्या निघाल्या, आणि आपलं खोबरेल तेल त्यात वरच्या बाजूला होतं. डोक्यावर थापलेलं तेल उन्हात कपाळावर ओघळतं आणि नेमके तिथेच बारीक दाणे येतात, हे आपल्याकडे कोणीही पाहिलेलं आहे. म्हणजे मायचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता.

पण सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बिघडतो. क्लिगमन यांनीच १९९६ मध्ये दाखवलं की पेट्रोलियम जेलीमुळे ना सशाला मुरूम येतात, ना माणसाला. २००६ मध्ये ड्रेलोस आणि डिनार्डो यांनी माणसांवर तपासणी केली. यादीतला पदार्थ आत असला म्हणून तयार क्रीमने मुरूम येतीलच असं नाही, हे त्यात दिसलं.

खरी गफलत तेल आणि ओलावा एकच समजण्यात झाली. आयर्विन ब्लँक यांनी १९५२ मध्ये घट्ट्याच्या सुकलेल्या कातडीवर साधे प्रयोग केले होते. ती तेलात ठेवली तरी कडकच राहायची, पाण्याने मात्र मऊ व्हायची. कातडीला हवं असतं पाणी. मॉइश्चरायझरमधलं ग्लिसरीन ते धरून ठेवतं, त्याचा वरचा पातळ थर ते उडू देत नाही. तोंड तेलकट असूनही आतून कोरडं असू शकतं ते यामुळेच. १९९५ मध्ये यामामोटो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवलं की मुरूम असलेल्यांच्या कातडीतून पाणी जास्त उडतं, पाणी अडवून धरायची तिची ताकदच कमजोर असते.

त्याच काळात मुरमांची औषधंही बदलली. १९७१ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनॉइनला मान्यता मिळाली, १९८२ मध्ये आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांना, १९९६ मध्ये अ‍ॅडापॅलीनला. बेन्झॉइल पेरॉक्साइडही होतंच. औषधं गुणकारी, पण सगळीच कमी-जास्त प्रमाणात कातडी सुकवणारी. लोक मधेच सोडून देत, म्हणून मॉइश्चरायझर उपचाराचाच भाग झाला.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक टोचते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा इतकी कोरडी की घाम वाहायच्या आधी वाळतो आणि कपाळावर मिठाची रेघ राहते. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि थंडीत उलणारे ओठ. गेल्या वर्षी वेचणीला आलेल्या शेजारच्या पोरीने स्कार्फ सोडला तेव्हा तिच्या नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर कोंड्यासारखी सालं सुटलेली होती. डॉक्टरांनी दिलेलं जेल तिने दहा दिवसांत बंद केलं होतं, "आग होते" म्हणून. सोबत लिहिलेलं मॉइश्चरायझर घरच्यांनी घेतलंच नव्हतं. त्याऐवजी मेडिकलमधून कोणीतरी सुचवलेली दुसरी ट्यूब आणली.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. १९७५ पासून गोरेपणाच्या क्रीमने तोंडाला ट्यूब लावायची सवय गावोगाव नेली होती. पुढे स्टेरॉइडच्या मिश्र क्रीम त्याच सवयीवर चालल्या. चार दिवस चेहरा नितळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि ट्यूब थांबवली की मुरूम दुपटीने उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. गावात ती अजूनही मागितली की मिळतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

त्या पोरीला तिची माय पुन्हा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. ट्यूब बंद झाली. काही आठवड्यांनी जेल परत सुरू झालं, पण एक दिवसाआड, रात्री, वाटाण्याएवढं. त्याआधी ओलसर तोंडावर ग्लिसरीनचं साधं पातळ लोशन, आणि साबण फक्त दोन वेळा. लोशन लावताना माय शेजारी बसून बघत होती. "हे तेल नाही ना?" तिने दोनदा विचारलं, मग थेंबभर स्वतःच्या फुटलेल्या बोटांवर चोळून पाहिलं.