संश्लेषणात्मक फोनिक्स आणि प्राथमिक साक्षरता

संश्लेषणात्मक फोनिक्स ही आरंभीचे वाचन शिकवण्याची पद्धत असून तिच्यात सुट्या ध्वनींची ओळख आधी करून देतात आणि ते जुळवून शब्द वाचायला लावतात. चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधणे तिला मान्य नाही. इंग्रजीचे सुमारे ४४ ध्वनी २६ अक्षरांवर भागवावे लागत असल्याने तिची गरज मुख्यतः त्या भाषेत भासली.

स्कॉटलंडमधील क्लॅकमननशर येथील अभ्यासाच्या २००५ च्या अहवालानुसार, सात वर्षांच्या प्राथमिक शिक्षणाअखेर या पद्धतीने शिकलेली मुले शब्दवाचनात वयाच्या मानाने साडेतीन वर्षे पुढे होती, आकलनात मात्र जेमतेम साडेतीन महिने. सुरुवातीला वेगळ्या पद्धतींनी शिकणाऱ्या गटांनाही पुढे हीच पद्धत शिकवल्यामुळे तुलनेला गट उरला नाही, हा त्यावरचा रास्त आक्षेप होय. इंग्लंडने २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी ४० शब्दांची चाचणी लागू केली. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही. उत्तीर्णांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून २०१९ पर्यंत ८२ टक्क्यांवर गेले, पण त्यात चाचणीच्या सरावाचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही. तिथल्याच एका मोठ्या अभ्यासात अकराव्या वर्षी सरासरी लाभ विरलेला आढळला; गरीब घरांतील आणि घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना तो टिकला.

नाशिकच्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी असल्याने हा शेवटचा निष्कर्ष येथे मोलाचा आहे. मराठी मुलाच्या ‘क’मध्ये ‘अ’ मुरलेलाच असतो. त्यामुळे ‘कॅट’ जुळवताना ते ‘क-ॲ-ट’ असे तीन पूर्ण अक्षरे म्हणते आणि शब्द काही केल्या जुळत नाही. ‘क्’ पाय मोडून म्हणायला शिकवावे लागते.

मराठीत जुळवणीचे निम्मे काम बाराखडीच करते, मात्र तीही सुरात घोकली तर ‘कि’ आणि ‘की’ वेगळे काढून विचारताच मूल अडते. ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतले दोन ‘च’ लिपी वेगळे दाखवत नाही. बागलाण-कळवणकडच्या अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तर पेठ-सुरगाण्यात कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुले प्रमाण मराठीच बाहेरची भाषा म्हणून शिकतात. अशा वर्गात अक्षरे बिनचूक जुळली तरी शब्द कानावरूनच गेलेला नसेल, तर वाचलेले समजत नाही. म्हणून फोनिक्सच्या तासाआधी गोष्टी आणि गप्पांना वेळ द्यावा लागतो.