उभं राहताच रक्तदाब कोण सावरतं?

पर्वतीच्या १०३ पायऱ्या भराभर चढून माणूस वर पोचतो, एकदम थांबतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चढताना काही होत नाही, त्रास होतो तो थांबल्यावर. चढताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतलं रक्त दाबून वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त खाली साचू लागतं. अंथरुणातून झटकन उठतानाही तसंच होतं: साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, हृदयाकडे कमी रक्त परततं आणि रक्तदाब घसरू लागतो. बहुतेकांना हे कळतसुद्धा नाही, कारण कवटीच्या तळाशी असलेलं मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचं सर्वांत खालचं टोक, काही सेकंदांत दाब सावरतं. हे सगळं काम मोजक्या रसायनांवर चालतं. म्हणूनच दुसऱ्याच आजारासाठी घेतलेली एखादी गोळीही त्यात व्यत्यय आणू शकते.

दाबाची खबर मुख्यतः दोन ठिकाणांहून निघते. एक, जबड्याखाली कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात तिथला फुगवटा. दुसरी, महाधमनीची कमान. तिथली चेतांची टोकं धमनीची भिंत किती ताणली गेली आहे ते ओळखतात. नववी आणि दहावी कपालचेता (मेंदूशी थेट जोडलेल्या चेता) हे संदेश मस्तिष्कपुच्छातल्या ‘एनटीएस’ या चेतापेशींच्या पुंजक्यापर्यंत नेतात आणि तिथे ग्लुटामेट हे रसायन सोडतात. ताण जास्त असेल तर ग्लुटामेट जास्त, कमी असेल तर कमी.

पुढे दोन वाटा फुटतात. पहिली हृदयाच्या वेगाची. हृदयातल्या पेसमेकर पेशींना त्यांच्या मनाने चालू दिलं, तर त्या मिनिटाला सुमारे १०० ठोके देतात. शांत बसलेल्या माणसाची नाडी ७०च्या आसपास असते, कारण दहावी कपालचेता, म्हणजे व्हेगस, त्यांच्यावर सतत ॲसिटिलकोलीन सोडत असते. या रसायनामुळे पेशीतले पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पुढचा ठोका लांबतो. औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली हे बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे चेता आपला निरोप रसायनाच्या रूपात पोचवते. या शोधाच्या मालिकेसाठी १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची, आणि खरी गंमत इथे आहे. मस्तिष्कपुच्छाच्या पुढच्या, बाजूच्या भागात काही चेतापेशी अखंड जाग्या असतात. त्या मेरुरज्जूकडे ग्लुटामेटने संदेश धाडतात. शेवटच्या टोकाला नॉरॲड्रेनॅलिन सुटतं आणि रक्तवाहिन्या आवळतात. या पेशींना आवर घालतात त्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या पेशी, गाबा नावाचं रसायन सोडून. त्या गाबा-पेशींना जागं ठेवतं एनटीएसकडून येणारं ग्लुटामेट. आता उभं राहा: दाब घसरला, एनटीएसकडे ग्लुटामेट कमी आलं, गाबा कमी सुटलं, वरच्या पेशी मोकळ्या झाल्या, वाहिन्या आवळल्या. आधीपासून चालूच असलेल्या यंत्रणेवरचा ब्रेक सैल झाला, इतकंच.

दोन्ही वाटांचा वेग सारखा नाही. दाब घसरताच व्हेगस ॲसिटिलकोलीन कमी सोडते; आधी सुटलेलं ॲसिटिलकोलीन एक विकर (एन्झाइम) लगेच मोडून टाकतं, म्हणून तिचा परिणाम एक-दोन ठोक्यांत ओसरतो आणि नाडी वाढते. नॉरॲड्रेनॅलिनचं काम पेशीतल्या अनेक टप्प्यांतून होतं. त्याला काही सेकंद लागतात. अंधारी येते ती बहुधा याच फटीत.

ही साखळी बिघडते कशी? वयाबरोबर धमन्या ताठर होतात, ताण कमी बसतो आणि खबरच अपुरी जाते. जुन्या मधुमेहात चेता झिजतात. लांबलचक व्हेगस बरेचदा आधी. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिनसारखी गोळी नॉरॲड्रेनॅलिनचे ग्राही (ते जिथे चिकटून काम करतं त्या पेशींवरच्या जागा) अडवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रक्तातलं पाणीच कमी करतात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आणि निर्जळी उपवासात हे जास्त भोवतं. रक्तदाबावरचं क्लोनिडिन हे औषध तर मस्तिष्कस्तंभातच (मस्तिष्कपुच्छ ज्याचा भाग आहे त्या मेंदूच्या देठात) काम करतं आणि वाहिन्या आवळण्याचे संदेश कमी करतं. ते मनानेच अचानक बंद केलं, तर एक-दोन दिवसांत दाब धोकादायकरीत्या उसळू शकतो.

उठताना तोल जात असेल, तर बसूनच बीपी मोजून भागत नाही. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी घ्या; मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर ती दखल घेण्याजोगी घट. उभं असताना पट्टा बांधलेला हात छातीच्या पातळीवर टेकवून ठेवा. पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो आणि खरी घट झाकली जाते. घरच्या मोजणीत ही चूक फार होते. नाडीही लिहून ठेवा. दाब घसरूनही ती १५ ठोक्यांनीही वाढली नाही, तर दोष चेतांमध्ये असण्याचा संशय घ्यावा. चांगली वाढली, तर शरीरात पाणी कमी असू शकतं. मात्र बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असेल, तर नाडीवरून काढलेला हा निष्कर्ष फसवा ठरतो.

हे आकडे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, त्यात प्रोस्टेटची आणि झोपेचीही, डॉक्टरांना एकत्रच दाखवा. तोवर उठण्याआधी घोटे हलवा आणि मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. चढण संपल्यावर एकदम थांबू नका, दोन-तीन मिनिटं सावकाश चालत राहा.