खुंटीवरचा फोन आणि मुरबाडची रेंज

मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला आमच्या मामाचं घर आहे, तिथे पडवीतल्या एका खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत फोन लटकवलेला असतो. खाली काढला की रेंज गेली. आम्ही कळव्याहून फोन लावला की मामा स्पीकर ऑन करून, मान वर करून खुंटीशी बोलतो आणि आमच्या घरातली भांडणं सगळी आळी ऐकते. डोंगर आडवा येतो म्हणतात, ते खरंच आहे, पण माझ्या मते डोंगराइतकाच कागदही आडवा आलाय.

आधी लँडलाइनचं बघा. खेड्यातला दमट उन्हाळा, धूळ, गेलेली लाईट, यात फोन जोडून देणारी परदेशी एक्स्चेंज टिकायची नाहीत म्हणून १९८४ ला सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने एसीशिवाय चालणारं छोटं एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसवलं. त्यातूनच गावोगाव पीसीओ, म्हणजे पैसे देऊन वापरायचे सार्वजनिक फोन आले. मामाच्या गावात किराणा दुकानात एक होता, नंबर लागेपर्यंत आपण गोळ्या-बिस्किटं घ्यायची.

मोबाईल आला १९९५ ला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, इनकमिंगलाही पैसे, त्यामुळे फोन फक्त शेठ लोकांकडे. आणि गंमत म्हणजे मोबाईल कंपन्यांना ज्या भागांसाठी, म्हणजे सर्कलसाठी, लायसन्स मिळायची त्या नकाशात आपल्या ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे पडले होते. ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे मुंबई सर्कलमध्ये, मुरबाड-शहापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये. माझा पहिला फोन घेऊन गावी निघालो तर रायत्याचा पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर स्क्रीनवर रोमिंग आलं, म्हणजे जिल्हा तोच, एसटी तीच, पण मामाला फोन करायचा तर परगावाला गेल्यासारखा खिसा हलका.

खरी मेख अजून पुढे आहे. २००३ नंतरच्या लायसन्समध्ये कंपन्यांना सर्कलमधली ठरावीक जिल्ह्यांची मुख्यालयं कव्हर करायची अट होती, मुख्यालय नको असेल तर त्याच जिल्ह्यातलं दुसरं शहरही चालायचं, पण ग्रामीण भाग कव्हर करण्याची सक्ती नाही असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. मग कोण कशाला डोंगरात टॉवर उभा करेल? तिथे डिझेल वर चढवायचं, लाईट गेली की बॅटरी, आणि गिऱ्हाईक किती, तर महिन्याला दहा-वीस रुपयांचं रिचार्ज मारणारं.

हे भरून काढायला, खेड्यापाड्यात फोन पोचवायचा सरकारचा यूएसओ फंड २००२ पासून होता, कंपन्यांच्या कमाईतून त्यात पैसे जायचे, पण तो लँडलाइनपुरताच, मोबाईलसाठी वापरायला २००६ मध्ये कायदा बदलावा लागला. २००७ च्या स्कीममध्ये देशभर सात हजारांहून जास्त टॉवर उभे राहिले, एका टॉवरवर तीन कंपन्या. चांगली आयडिया होती. पण अट काय, तर रेंज नसलेल्या, किमान दोन हजार वस्तीच्या गावांसाठी किंवा गावांच्या समूहासाठी. आमच्याकडे ठाकूरवाडी, कातकरवाडी अशा चाळीस-पन्नास घरांच्या वाड्या गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर वर टेकाडावर, त्या दोन हजारात कशा बसणार! आणि गावठाणात रेंजच्या दोन दांड्या आल्या की कागदावर सगळं गाव 'कव्हर्ड', वाड्यांसकट.

फोनचा सिग्नल ज्या लहरींवरून जातो त्या फ्रिक्वेन्सीचंही असंच. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ खेड्यासाठी झकास, पण २०१६ च्या लिलावात सरकारने ती इतकी महाग ठेवली की एकही बोली आली नाही, गेली ती २०२२ ला. मध्ये कोरोनात वाडीवरची पोरं ऑनलाइन शाळेसाठी टेकडीवर जाऊन बसायची, पावसात छत्री फोनवर, स्वतः भिजत.

२०२२ मध्येच केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांना फोर-जी द्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले, काम बीएसएनएलकडे. २०२३ च्या टेलिकॉम कायद्याने यूएसओ फंडाचं नाव डिजिटल भारत निधी झालं. नाव बदललं तरी टॉवर जंगलखात्याच्या जमिनीवर हवा असेल तर वनविभागाची परवानगी लागतेच, आणि आमच्याकडे टेकाड म्हटलं की बहुतेक जंगलखात्याचंच.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा खाली रस्त्याला नवीन टॉवर दिसला. मामाच्या पडवीत आता तीन दांड्या येतात, खुंटीवरून फोन काढून दारापर्यंत चालत बोलता येतं. पण दुपारी लाईट गेली, तासाभरात टॉवरची बॅटरी बसली आणि मामाने न बोलता फोन परत पिशवीत घालून खुंटीला अडकवला.